वस्तीतला रेडिओ आणि सलोख्याचा निरोप

६ ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने प्रेषित महंमद यांच्याविषयी अवमानकारक उद्गार काढले. त्यानंतर पाचव्या दिवशी, शुक्रवार, ११ ऑक्टोबर रोजी, त्याच्या निषेधार्थ सोलापुरात बंद पाळण्यात आला आणि त्यातून दंगल उसळली. माणसे मृत्युमुखी पडली, मालमत्तेची हानी झाली, शहरात संचारबंदी लागली. फॉलवेल यांनी पाठोपाठ दिलगिरी व्यक्त केली. पण तोवर सोलापुरात जे व्हायचे ते होऊन गेले होते. शहरातील यंत्रमागावर किंवा विड्यांच्या सुपापुढे बसणाऱ्यांपैकी कोणी तो अमेरिकी कार्यक्रम पाहिला असेल, हे जवळजवळ असंभव होते. मूळ वाक्य कोणीच ऐकले नव्हते. वस्त्यांपर्यंत पोहोचला होता तो त्याचा ऐकीव अर्थ.

पुढे सोळा वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. भिक्षेसाठी फिरणाऱ्या या भटक्या समाजातील मृतांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे रहिवासी होते. अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती खोटी असल्याचे खुलासेही त्या काळात प्रसिद्ध होत होते. ते राईनपाड्याच्या बाजारात पोहोचले नाहीत, किंवा पोहोचूनही कोणी त्यांवर विश्वास ठेवला नाही.

दंगल किंवा जमावहत्या घडली की ‘अफवांवर विश्वास ठेवू नका, शांतता राखा’ हे आवाहन ठरलेले असते. ते पत्रकातून, ध्वनिक्षेपकावरून, नभोवाणीवरून केले जाते. परंतु ते ऐकणारा त्याचे काय करतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. झोपडपट्ट्या व कामगार वस्त्यांसाठी सामुदायिक रेडिओ हे सलोख्याचे प्रभावी साधन ठरेल, असे गेली दोन दशके सांगितले जात आहे. या अपेक्षेत तथ्य किती, हे पाहायचे तर प्रक्षेपकापेक्षा श्रोत्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

लहरी कोणाच्या?

सामुदायिक रेडिओ अर्थात कम्युनिटी रेडिओचा भारतातील इतिहास फार जुना नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपण हक्कांसंबंधीच्या खटल्यात हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. या निकालाने सरकारी मक्तेदारीचा तात्त्विक आधार गेला. तरीही प्रत्यक्ष परवानगी टप्प्याटप्प्यानेच मिळाली. २००२ च्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना केंद्रे काढण्यास मुभा मिळाली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तत्कालीन आंध्र प्रदेशातील झहीराबादजवळ दलित शेतकरी स्त्रियांचा ‘संघम् रेडिओ’ सुरू झाला. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या माण तालुक्यात, म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ऐकू येऊ लागली. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत.

२००६ च्या धोरणाने या केंद्रांचा आकारही ठरवून दिला. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणतः १०० वॅट, ॲंटेनाची उंची तीस मीटरपर्यंत आणि आवाक्यात पाच ते दहा किलोमीटरचा परिसर. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी अट आहे. राजकीय प्रचार आणि स्वतःच्या बातम्या यांना मात्र मनाई आहे. सलोख्याच्या दृष्टीने ही मनाई निर्णायक ठरते. तिचा विचार पुढे येईल.

चार भाषांचा श्रोता

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेनऊ लाख लोकवस्तीच्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा घराघरांत बोलल्या जातात. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर कुटुंबे तेलुगू बोलतात. कर्नाटकाच्या सीमेमुळे आणि सिद्धरामेश्वरांच्या परंपरेमुळे कन्नड येथे पाहुणी नाही. मुस्लिम कामगार वस्त्यांत दखनी वळणाची उर्दू चालते. १८७७ साली स्थापन झालेल्या आणि ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गिरणीपासून सुरू झालेले गिरण्यांचे युग विसाव्या शतकाच्या अखेरीस संपले. त्यानंतर चादरी व टॉवेलांचे यंत्रमाग आणि विडी उद्योग यांवर शहरातील कष्टकऱ्यांची भिस्त राहिली.

या दोन व्यवसायांतील फरक नभोवाणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तेथे रेडिओ काय ऐकणार? विडी वळणाऱ्या स्त्रियांचे मात्र हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात. कारखान्यातून तेंदूपत्ता व तंबाखू आणायचा, घरी विड्या वळायच्या आणि पुन्हा कारखान्यात जमा करायच्या, असा हा दिनक्रम आहे. दारात किंवा ओट्यावर चार-पाच जणी सूप घेऊन बसतात, तेव्हा एक प्रकारचे श्रोतृमंडळ आपोआपच तयार होते. क्यूबातील हवाना येथे १८६५ पासून चिरूट वळणाऱ्या कामगारांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक नेमण्याची प्रथा रुजली. केरळमध्ये कण्णूर भागातील विडी कामगारांतही असेच वाचन चाले. तेथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘दिनेश विडी’ या सहकारी संस्थेच्या कामाच्या जागी हे वाचन आणि पुढे रेडिओही ऐकला जाई. तंबाखूच्या या धंद्यात ऐकण्याची परंपरा अशी जगभर आढळते.

सोलापुरातील कामगारांच्या घरांचा प्रश्नही याच श्रोत्याशी जोडलेला आहे. शहरालगत कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेल्या दहा हजार घरांच्या ‘गोदूताई परुळेकर’ वसाहतीचे हस्तांतर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. कामगार नेते व माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयत्नाचा पुढचा टप्पा म्हणजे ‘रे नगर’. तेथील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभार्थींना देण्यात आली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कागद-काच वेचणारे असे वेगवेगळ्या वस्त्यांतून आलेले लोक अशा वसाहतींत शेजारी होतात. जुन्या वस्तीत भाषा आणि जात पाहून गल्ल्या वसल्या होत्या. नव्या वसाहतीत भिंतीपलीकडे कोण राहतो हे नव्याने शिकावे लागते. सलोख्याचा प्रश्न येथे सणासुदीपुरता उरत नाही, तो रोजच्या नळाचा आणि जिन्याचा होतो.

संदेश आणि त्याचा अर्थ

श्रोता हा रिकामे भांडे असून त्यात संदेश ओतला की तो भरतो, ही कल्पना माध्यमांच्या अभ्यासात फार पूर्वीच मोडीत निघाली. पॉल लाझार्सफेल्ड आणि एलिहू कॅट्झ यांनी १९५५ मध्ये मांडले की, माध्यमांचा प्रभाव बहुधा दोन पायऱ्यांनी होतो. संदेश प्रथम वस्तीतील काही ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांपर्यंत. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये त्यापुढे जाऊन दाखवले की, एकच संदेश कोणी जसाच्या तसा स्वीकारतो, कोणी आपल्या अनुभवाशी तडजोड करून घेतो, तर कोणी थेट उलटा लावतो.

‘शांतता राखा’ या दोन शब्दांना ही कसोटी लावून पाहावी. ज्याचे दुकान जळाले आहे त्याला त्यात ‘तक्रार करू नका’ असे ऐकू येऊ शकते. ज्याचा मुलगा पोलिसांनी उचलून नेला आहे त्याला तो सरकारी दटावणीचा सूर वाटतो. ज्याचे काहीच गेलेले नाही त्याला ते सुभाषित वाटते. शब्द तेच, परंतु बोलणारा कोण, तो कोणाच्या बाजूचा आणि गेल्या महिन्यात तो आपल्या कामी आला होता काय, यावरून श्रोता अर्थ ठरवतो. ‘एकता’, ‘बंधुभाव’ यांसारखे शब्द अतिवापराने गुळगुळीत झाले असतील, तर ते कानावरून निसटून जातात.

पुण्याचा जुना धडा

श्रोत्याकडे लक्ष देण्याचा एक मोठा प्रयोग याच राज्याच्या मातीत झाला होता. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक मंडळात साधारण वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. निमंत्रक त्या चर्चेची नोंद ठेवी, प्रश्न केंद्राकडे पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या उपक्रमाचे सूत्र होते.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सहकार्याने पॉल नॉयराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. श्रोतृमंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची त्यांनी तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, ही वाढ किरकोळ राहिली. विषय शेती, आरोग्य आणि गावसुधारणा यांचे होते, सलोख्याचे नव्हते. तरीही निष्कर्ष महत्त्वाचा आहे. रेडिओ संच पुरवल्याने फारसे काही घडले नाही. संचाभोवती माणसे जमली आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, तेव्हा घडले.

शेजारी काय म्हणतील?

सलोख्याच्या कार्यक्रमांबाबतचा सर्वांत काटेकोर अभ्यास रवांडात झाला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘आरटीएलएम’ या नभोवाणी केंद्राने तुत्सी समाजाविरुद्ध विखारी प्रचार चालवला होता. एप्रिल ते जुलै १९९४ या काळातील वंशसंहारात सुमारे आठ लाख लोक मारले गेले. ज्या साधनाने द्वेष पसरवला त्याच साधनाने तो उतरवता येईल काय, या विचारातून २००४ मध्ये ‘मुसेकेवेया’ ही श्रुतिका-मालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावांतील वैर, त्यातून झालेली हिंसा आणि ते ओलांडू पाहणारी तरुण माणसे, असे तिचे कथासूत्र होते.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेवी पॅलक यांनी वर्षभर काही गटांना ही मालिका, तर काही गटांना आरोग्यविषयक मालिका ऐकवली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सलोख्याची मालिका ऐकणाऱ्यांची वैयक्तिक मते फारशी बदलली नव्हती. बदलला होता तो इतरांविषयीचा अंदाज. ‘आपल्या समाजात कसे वागणे रीतीला धरून आहे’ याची त्यांची समजूत पालटली होती आणि त्यानुसार वागणेही. अभ्यासाच्या अखेरीस प्रत्येक गटाला एक ध्वनिफीत-संच भेट देण्यात आला, तेव्हा हा फरक उघड दिसला. आरोग्याची मालिका ऐकलेल्या गटांनी तो बहुधा गावच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देऊन टाकला. सलोख्याची मालिका ऐकलेल्या गटांनी वादविवाद केला आणि संच सर्वांनी मिळून सांभाळण्याचा मार्ग काढला.

या निष्कर्षाचे मर्म वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दंगलीच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसापुढचा प्रश्न ‘मला काय वाटते’ हा फारसा नसतो. ‘मी शेजाऱ्याला घरात घेतले तर गल्ली काय म्हणेल’ हा असतो. गल्लीतील दहा घरांना मनातून तसेच वाटत असते, पण प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे भासते. दहाही घरांनी एकच कार्यक्रम एकत्र ऐकला असेल आणि कोण कोणत्या जागी मान डोलावतो हे एकमेकांनी पाहिले असेल, तर तो एकटेपणा कमी होतो. संदेशाचे खरे काम बहुधा येथे होते.

चर्चेचा उलटा परिणाम

मात्र चर्चा घडवून आणली की सलोखा वाढतोच, असे नाही. पॅलक यांनीच पूर्व काँगोमध्ये केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. तेथे काही भागांत केवळ श्रुतिका प्रसारित झाली, तर काही भागांत तिला जोडून श्रोत्यांना चर्चेस उद्युक्त करणारा संवादाचा कार्यक्रमही देण्यात आला. दुसऱ्या भागातील लोक बोलू लागले खरे, पण ते अधिक चिडून, आपापली गाऱ्हाणी उगाळत. श्रोत्यांना मीठ देऊन, नावडत्या समाजासाठी त्यातील काही द्याल काय, असे विचारण्यात आले, तेव्हा या भागातील लोकांनी हात अधिक आखडता घेतला.

पुणे आणि काँगो यांतील हा विरोध वरवरचा आहे. पुण्याच्या मंडळांत निमंत्रक होता, विषय ठोस होता आणि प्रश्नाला उत्तर येत होते. काँगोत हिंसा चालू होती. अशा वेळी जखमेविषयी बोला एवढेच सांगितले गेले, आणि लोक आपापल्यांतच बोलले. वस्तीतील रेडिओने चर्चा सुरू करून द्यायची आणि निघून जायचे, यापेक्षा चर्चा नसलेली बरी, असा याचा अर्थ होतो.

किबेरा ते धारावी

शहरी झोपडपट्टीतील अनुभवासाठी केनियाची राजधानी नैरोबीकडे पाहावे लागते. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तेथे उसळलेल्या हिंसाचारात चौकशी आयोगाच्या मोजदादीनुसार ११३३ माणसे मृत्युमुखी पडली आणि लाखो विस्थापित झाली. किबेरा, मथारे, कोरोगोचो या वस्त्यांना मोठी झळ पोहोचली. अनेक केनियन लोक एकेका जमातीच्या भाषेत चालणारी खासगी केंद्रे ऐकत आणि त्यांतील काहींवर द्वेष भडकवल्याचे आरोप झाले. त्याउलट किबेऱ्यातील ‘पामोजा एफएम’सारखी वस्तीची केंद्रे सर्वांना समजणाऱ्या स्वाहिलीत बोलत होती. ‘पामोजा’ या शब्दाचा अर्थच ‘एकत्र’ असा आहे. हे केंद्र ऐकणारा आणि ते चालवणारा दोघेही त्याच वस्तीतले असल्याने निवेदकाला आपल्या शब्दाचा जाब दुसऱ्या दिवशी रस्त्यात द्यावा लागे. दूरच्या निवेदकावर असा धाक नसतो.

सोलापूरसाठी भाषेचा हा धडा थेट लागू पडतो. केवळ मराठीत बोलणारे केंद्र काही श्रोत्यांना सरकारी वाटेल. केवळ उर्दूत किंवा तेलुगूत बोलणारे केंद्र ‘त्यांचे’ ठरेल. चार भाषांचे चार स्वतंत्र तास ठरवून दिले, तर एकाच केंद्राची चार केंद्रे होतील. एकाच कार्यक्रमात दोन भाषा एकमेकींना उत्तर देतात, तेव्हाच दुसऱ्या भाषेचा श्रोता कान देऊन थांबतो. बाजारात आणि कामाच्या ठिकाणी सोलापूरकर असेच बोलतात.

रेडिओविना हे काम कसे झाले, याचे दाखले महाराष्ट्रात आहेत. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसे त्यांत होती आणि त्यांच्या बैठका शांततेच्या काळातही नेमाने होत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत नऊशे माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा यंत्रमागांचे हे गाव शांत राहिले. धारावीत दंगलीनंतर भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघा रहिवाशांनी चार धर्मांच्या वेशांतील मुलांचे एकतेचे भित्तिपत्रक काढले आणि वस्तीतच चित्रफीत तयार केली. त्यांच्या कामावर अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला. भित्तिपत्रकावरील मजकूर नवा नव्हता. वस्तीने तो मनावर घेतला, कारण तो लावणारी माणसे ओळखीची होती आणि एकमेकांसोबत दिसत होती.

अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या ग्रंथात भारतातील शहरांच्या जोड्या तपासून असाच निष्कर्ष काढला. शेजारधर्म उपयोगी असतोच. परंतु कामगार संघटना, व्यापारी मंडळे, क्लब यांसारख्या संस्थांत दोन्ही समाज एकत्र असतील, तर दंगल रोखण्याची शक्ती कितीतरी वाढते. अफवा आली की अशा संस्थांचे सभासद एकमेकांना विचारून तिची शहानिशा करू शकतात. सोलापूरची विडी आणि यंत्रमाग कामगारांची संघटनपरंपरा या दृष्टीने मोठे भांडवल आहे.

बातमीविना खुलासा

येथे बातमीबंदीचा प्रश्न उभा राहतो. तणावाच्या दिवशी श्रोत्याला उपदेश नको असतो, माहिती हवी असते. अमुक चौकात खरेच काही घडले काय? शाळेतून मुले घरी आणायची काय? उद्या कारखान्यात विड्या जमा होणार काय? सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, वाहतूक, सण-उत्सव, पाणी-वीज, आपत्ती यांविषयीची माहिती आणि प्रशासनाच्या सूचना यांनाच काय तो वाव राहतो. ‘काहीही घडलेले नाही’ हे सांगणे बातमी ठरते की सूचना, हे निवेदकाला घाईत ठरवावे लागते. त्याने मौन पाळले, तर ती पोकळी मोबाइलवरील निनावी संदेश भरून काढतात.

ऐकण्याची पद्धतही बदलली आहे. ओट्यावरच्या एका संचाची जागा प्रत्येकाच्या मोबाइलने आणि कानातल्या इअरफोनने घेतली. कार्यक्रम तोच असला तरी तो एकट्याने ऐकला जातो. शेजारी काय ऐकतो हे कळत नाही, आणि रवांडातील अभ्यासाने दाखवलेला परिणाम तर ‘इतरांनीही हे ऐकले आहे’ या जाणिवेवर उभा होता. अफवेचा संदेशही एकट्यानेच वाचला जातो. पण तो पाठवणारा नात्यातला किंवा ओळखीचा असतो. रेडिओच्या अनोळखी आवाजापेक्षा मेहुण्याने पाठवलेली चित्रफीत अधिक खरी वाटते. म्हणून श्रोतृमंडळाची गरज १९५६ पेक्षा आज अधिक आहे, कमी नाही.

सलोखा कोणत्या विषयांत असतो?

सोलापूरकरांना वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळणारे पाणी हा तेथील सर्वांत मोठा चर्चाविषय राहिला आहे. नळ कधी येणार, टँकर कोणत्या गल्लीत थांबणार, यावरून वस्त्यांत भांडणे होतात आणि भांडणाला समाजाचे नाव लागायला वेळ लागत नाही. जे केंद्र रोज पाण्याची वेळ अचूक सांगते, मजुरीचे दर, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज, रेशनकार्डाची कामे यांची माहिती देते, त्याचा शब्द संचारबंदीच्या रात्रीही ऐकला जातो. एरवी गप्प असलेले केंद्र तणावाच्या दिवशीच बोलू लागले, तर त्याचे बोलणेच धोक्याची सूचना ठरते. ‘शांतता राखा’ ऐकून लोक दारे लावून घेतात, कारण काहीतरी बिनसले आहे एवढेच त्यांना त्यातून कळते.

सोलापूरला सलोख्याचे दाखले बाहेरून आणावे लागत नाहीत. मे १९३० च्या आंदोलनानंतर येथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी देण्यात आली. चौघे चार समाजांचे. शहरातील त्यांचे पुतळे रोज हजारो लोक पाहतात. दर जानेवारीत त्यांचे स्मरण होते आणि त्याच सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. तरीही २००२ ची दंगल याच शहरात झाली. उत्सवातील स्मरण आणि रोजच्या व्यवहारातील विश्वास या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा कार्यक्रम वर्षातून एकदा करता येतो, दुसऱ्याचा रोज करावा लागतो.

एखाद्या केंद्राचे यश मोजायचे, तर सलोख्यावर किती तास कार्यक्रम झाले हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. किती मंडळे बसली, त्यांत कोणकोणत्या गल्ल्यांतील माणसे एकत्र होती, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांची उत्तरे पुढच्या आठवड्यात मिळाली, या नोंदी अधिक बोलक्या ठरतील. पुणे केंद्राने सत्तर वर्षांपूर्वी त्या ठेवल्या होत्या. मोबाइलवर पुढची अफवा येईल तेव्हा विड्यांच्या सुपापुढे बसलेल्या स्त्रीने ती पुढे पाठवण्याआधी शेजारणीला, तिच्या भाषेत, ‘हे खरे का?’ असे विचारले, तर वस्तीतल्या रेडिओचे काम झाले, असे म्हणता येईल.